काम शिकून झालं, हे ठरवायचं कोणी?

पश्चिम आफ्रिकेत टोगो आणि नायजेरियाच्या मधे बेनिन नावाचा चिंचोळा देश आहे. 1960 पर्यंत तो फ्रेंचांच्या ताब्यात होता, तेव्हा त्याचं नाव दाहोमे. तिथे शाळा सुटलेल्या किंवा शाळेत कधी न गेलेल्या मुलाला पोटापाण्याचं काही शिकवायचं, तर आईबाप त्याला तंत्रशाळेत नेत नाहीत. तंत्रशाळा मोजक्याच, आणि तिथलं शिक्षण फ्रेंचमधून. ते त्याला एखाद्या सुताराकडे, शिंपिणीकडे किंवा मोटारसायकलच्या मेकॅनिककडे घेऊन जातात. बोलणी होतात, शिकवण्याचे पैसे ठरतात आणि मूल तीन-चार वर्षांसाठी त्या दुकानात राबायला लागतं. पगार नाही. कधीमधी जेवणापुरते सुटे पैसे मिळतात. त्या देशातले बहुतेक कारागीर असेच तयार झाले आहेत.

आपल्याला ही पद्धत परकी नाही. गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली पाने देणारा पोरगा, शिंप्याच्या दुकानात काजबटण करणारी मुलगी, सोनाराच्या पेढीमागे भट्टीपाशी बसलेला शिकाऊ कारागीर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणूनच बेनिनने या जुन्या उमेदवारीत जी सुधारणा केली, ती नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. त्यांनी उमेदवारी मोडून तिच्या जागी शाळा आणली नाही. उमेदवारीच्या शेवटच्या टोकाला एक परीक्षा बसवली, आणि ती राजधानीतून न चालवता कम्यूनच्या पातळीवर, कारागिरांच्या हातून चालवली. कम्यून म्हणजे आपला तालुका आणि नगरपालिका यांच्या मधलं काहीतरी. बेनिनमध्ये अशा 77 कम्यून आहेत आणि 2002-03 च्या निवडणुकांपासून तिथे लोकांनी निवडलेला कारभार आहे.

मालकिणीचा हिशोब

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. शिवणकाम शिकायला आलेली मुलगी पहिलं वर्षभर दुकान झाडते, पाणी आणते, इस्त्री करते, बटणं लावते. मग तिला सरळ शिवण मारू देतात. पुढे गळा, बाही. कापड बेतायचं काम मात्र मालकीण स्वतःकडेच ठेवते. तिच्या बाजूने पाहिलं तर यात चुकीचं काही नाही. गिऱ्हाइकाचं महागाचं कापड वाकडं कापलं गेलं तर भरपाई तिलाच करावी लागते. शिवाय ज्या दिवशी मुलगी बेतायला शिकेल, त्या दिवशी तिला दुकानात थांबायचं कारण उरणार नाही. बिनपगारी हात जाईल आणि त्याच गल्लीत एक प्रतिस्पर्धी दुकान उभं राहील. म्हणजे ज्या व्यक्तीने शिकवायचं, तिचाच फायदा शिकवणं लांबवण्यात आहे.

त्यात शेवट कधी, हेही तीच ठरवणार. फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम आफ्रिकेत उमेदवारी संपल्याच्या समारंभाला ‘लिबेरास्याँ’ म्हणतात. शिकून तयार झालेली मुलगी नवे कपडे घालून मालकिणीपुढे गुडघे टेकते, आशीर्वाद घेते, मालकीण तिच्या हातात कात्री आणि आपल्या सहीचा दाखला देते, नातलग जेवतात, नाचतात. मला हा सोहळा मनापासून आवडतो. कारागिराला चारचौघांत मान मिळण्याचे प्रसंग थोडेच असतात. पण मांडवापासून जेवणापर्यंतचा खर्च आणि मालकिणीला द्यायची रक्कम मुलीच्या घरच्यांनी भरायची असते. पैसे जमले नाहीत तर समारंभ पुढे ढकलला जातो आणि मुलगी काम येत असूनही आणखी काही महिने, कधी वर्षं, बिनपगारी राबत राहते.

दाखला मिळाला तरी त्याची किंमत मालकिणीच्या ओळखीइतकीच. ज्या मोहल्ल्यात लोक तिला ओळखतात, तिथे तिच्या सहीला अर्थ आहे. तीच मुलगी लग्न होऊन उत्तरेकडे पाराकूला गेली, किंवा कोतोनूच्या मोठ्या शिवणघरात काम मागायला गेली, तर तिथल्या माणसाला त्या कागदावरून काहीच कळत नाही. चांगल्या शिंपिणीने दिलेला दाखला आणि पैसे घेऊन दिलेला दाखला दिसायला सारखेच. अशा वेळी मालक काय करतो? सगळ्याच दाखल्यांना रद्दी समजतो आणि ओळखीचा माणूस घेतो. ज्या मुलीने खरोखर मन लावून शिकलेलं असतं, तिचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं.

परीक्षा मागच्या वर्षांवर काय परिणाम करते

कारागिरांच्या संघटनांनी, स्वित्झर्लंडच्या विकास सहकार्याची मदत घेऊन, बेनिनमधल्या कम्यूनमध्ये पारंपरिक उमेदवारीची अखेरची परीक्षा सुरू केली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एफाट’ म्हणत. एका व्यवसायातले अनेक कारागीर एकत्र येऊन आपल्या कामात पारंगत म्हणायचं कोणाला ते ठरवणार, आणि वेगवेगळ्या दुकानांतल्या मुलांची एकाच दिवशी एकाच मोजपट्टीने परीक्षा घेणार, अशी ती कल्पना. पुढे सरकारने हीच परीक्षा आपल्या पात्रतेच्या चौकटीत घेतली आणि तिला ‘सीक्यूएम’ हे राष्ट्रीय प्रमाणपत्र जोडलं. दुसरंही एक प्रमाणपत्र आहे, ‘सीक्यूपी’. ते थोडंफार शिकलेल्या मुलांसाठी आहे. त्यात आठवड्याचे बहुतेक दिवस दुकानात काम आणि उरलेला वेळ प्रशिक्षण केंद्रात वर्ग, असं दुहेरी शिक्षण असतं. सीक्यूएम मात्र त्या मोठ्या संख्येसाठी आहे जिला फ्रेंच वाचता येत नाही आणि जी फक्त दुकानातच शिकली आहे.

परीक्षा एका दिवसाची, पण तिची ओढ आधीच्या तीन वर्षांना लागते. या सुधारणेचं मर्म मला इथे दिसतं.

शिवणकामाच्या परीक्षेत ‘माप घेऊन कापड बेतणे’ हे काम आहे, असं एकदा जाहीर झालं की मुलीच्या आईला मालकिणीला विचारता येतं, ‘हिला बेतायला कधी देणार?’ आजवर तिला हा प्रश्न विचारायला शब्दच नव्हते, कारण शिकवणीत काय काय यायला हवं याची यादी फक्त मालकिणीच्या डोक्यात होती. आता ती यादी भिंतीवर लागली. परीक्षेची तारीख बाहेरच्या कोणी ठरवलेली असल्यामुळे उमेदवारीला शेवट आला. आणि निकाल सगळ्यांसमोर वाचला जाणार असल्यामुळे मालकिणीचं नावही पणाला लागलं. जिच्या हाताखालच्या मुली दरवर्षी पास होतात, तिच्याकडे लोक मुली शिकायला पाठवतील. म्हणजे शिकवणं लांबवण्यात जो फायदा होता, त्याच्या विरुद्ध बाजूला चांगलं शिकवण्याचा एक फायदा उभा राहिला. कायद्याने किंवा तपासनीस नेमून हे साधलं नसतं. हजारो लहान दुकानांत जाऊन रोज कोण पाहणार?

कागदाला खरंच किंमत असते का, याचा चांगला पुरावा युगांडातून आला आहे. तिथे अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने गरीब तरुणांचे गट पाडून एका गटाला थेट छोट्या धंद्यात काम शिकायला ठेवलं आणि दुसऱ्याला तेवढाच काळ प्रशिक्षण संस्थेत शिकवून प्रमाणपत्र दिलं. मोटार दुरुस्ती, शिवण, केशरचना, वेल्डिंग, नळकाम असेच व्यवसाय होते. 2020 मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की दोन्ही गटांची कमाई वाढली. धंद्यात शिकलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळालं. पण पुढच्या वर्षांत प्रमाणपत्रवाले पुढे गेले आणि पुढेच राहिले, कारण एक काम सुटल्यावर दुसऱ्या मालकाला आपलं कौशल्य दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. दुकानात शिकलेल्याचं कौशल्य त्या दुकानापुरतंच खरं मानलं जात होतं. आता प्रश्न असा, की दुकानात शिकलेल्यालाही तसाच कागद देता आला तर? बेनिनची परीक्षा नेमकं तेच करू पाहते.

राजधानीतून परीक्षा घेतली तर काय बिघडतं

साहजिक शंका येईल, की परीक्षाच घ्यायची तर सरकारने एकच राष्ट्रीय परीक्षा घ्यावी, म्हणजे सगळीकडे दर्जा सारखा राहील. कागदावर हे बरोबर आहे. व्यवहारात केंद्रीय परीक्षा लेखी होत जाते, कारण लेखी पेपर छापायला, पाठवायला आणि तपासायला सोपा. पेपर लेखी झाला की भाषा फ्रेंच होते. मग जी मुलगी डोळ्यांनी पाहून मुंढ्याचा घेर सांगते, ती ‘शिवणयंत्राचे भाग लिहा’ या प्रश्नावर नापास होते, आणि ज्याने भाग पाठ केले आहेत पण हाताला वळण नाही, तो पास होतो. अशा परीक्षेचा निकाल पाहून कोणी गिऱ्हाईक कापड देणार नाही.

कम्यूनमधल्या परीक्षेत मुलगी फॉन, योरुबा, बारिबा किंवा देंदीतून बोलू शकते. परीक्षक तिच्याच व्यवसायातला असतो. टाका पाहून त्याला कळतं की हा हात किती मुरलेला आहे. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वाचतो, आणि हा खर्च मुलींच्या बाबतीत फार निर्णायक असतो, कारण दूर शहरात दोन दिवस एकटीला पाठवायला घरचे तयार होत नाहीत. कामही तिथल्या बाजाराचं असतं. बेनिनच्या रस्त्यांवर ‘झेमिजान’ म्हणजे मोटारसायकल टॅक्सी धावतात; मोटारसायकल मेकॅनिकची परीक्षा त्याच गाड्यांवर घेण्यात अर्थ आहे. कुठल्याशा पुस्तकातल्या इंजिनाच्या आकृतीवर ती घेऊन उपयोग काय?

आणखी एक गोष्ट आहे, ती आकड्यांत मांडता येत नाही. परीक्षा आपली आहे असं कारागिरांना वाटलं तरच ते मुलांना परीक्षेला पाठवतील. सरकारी माणूस येऊन आपल्या शागिर्दाला नापास करून गेला, तर उस्ताद पुढच्या वर्षी दार लावून घेईल. शेजारच्या नावाजलेल्या उस्तादाने नापास केलं, तर त्याला ते झोंबेल आणि तो शिकवणं सुधारेल.

परीक्षेचा दिवस

अशी परीक्षा नीट घ्यायची म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगते. समजा, शिवणकामाच्या वीस उमेदवार मुली आहेत. सकाळी प्रत्येकीला चिठ्ठीतून एक क्रमांक मिळतो. तिथून पुढे तिचं नाव आणि तिच्या मालकिणीचं नाव कोणी उच्चारत नाही. सगळ्यांना एकाच ताग्यातलं, एकाच मापाचं कापड. समोर उभ्या असलेल्या बाईचं माप घ्यायचं, बेतायचं, बाहीचा ब्लाउज शिवायचा आणि ठरलेल्या वेळेत द्यायचा.

गुण फक्त तयार ब्लाउजला दिले तर अर्धी माहिती हातची जाते. म्हणून परीक्षक काम चालू असतानाही फिरतात. माप कुठून कुठवर घेतलं, शिवणीसाठी दाब किती सोडला, कापड वाया किती गेलं, टाका सैल पडल्यावर तिने मशीनचा दोरा तपासला की तशीच रेटत राहिली. शेवटी ब्लाउज उलटा करून आतली शिवण पाहायची. बाहेरून सुंदर दिसणारं काम आतून कसं आहे, यावर जुने शिंपी माणसाची पारख करतात. दोन परीक्षक एकमेकांना न दाखवता गुण देतात आणि दोघांच्या आकड्यांत फार अंतर पडलं तर तिसरा पाहतो. त्यानंतर तोंडी दोन-चार प्रश्न: या ब्लाउजला कापड किती लागलं, गिऱ्हाइकाला शिलाई किती सांगाल, कापड आणखी अर्धा वार आणायला कधी सांगाल? हिशोब येत नसेल तर दुकान चालत नाही, म्हणून हे प्रश्न हवेतच.

आणि एक नियम कधीही मोडायचा नाही. ज्या मुलीची परीक्षा चालू आहे, तिची मालकीण तिच्या परीक्षकांत असता कामा नये. शक्यतो निम्मे परीक्षक शेजारच्या कम्यूनमधून यावेत. स्थानिक परीक्षेचं बळ कारागिरांच्या ओळखीत आहे आणि तिचा सर्वांत मोठा धोकाही त्याच ओळखीत आहे.

ओळखीचा धोका

या धोक्याला दोन बाजू आहेत. एक, सगळे एकमेकांच्या मुलांना पास करतात, म्हणजे तुझा माझ्याकडे, माझा तुझ्याकडे. मग प्रमाणपत्राची गत जुन्या दाखल्यासारखीच होते. दुसरी बाजू जास्त घातक आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. गावातल्या जुन्या कारागिरांना नवे प्रतिस्पर्धी नको असतात. परीक्षा त्यांच्या हातात दिली तर ते ती इतकी अवघड आणि खर्चीक करू शकतात की फक्त त्यांचीच मुलं पार पडतील. युरोपात कारागिरांच्या संघांनी शतकानुशतकं हेच केलं. उस्ताद होण्यासाठी जी कलाकृती करून दाखवावी लागे, तिच्यासाठी महागडं सामान आणि कित्येक महिने लागत. वर पंचांना जेवणं द्यावी लागत. उस्तादांच्या मुलांना आणि जावयांना मात्र सवलत. फ्रान्सने 1791 मध्ये कारागिरांचे हे संघ मोडीत काढले आणि प्रशियाने 1810 मध्ये व्यवसायस्वातंत्र्य दिलं, त्यामागे हा राग होता.

जर्मनीने पुढे यातून जो मार्ग काढला तो अभ्यासण्यासारखा आहे. तिथे आजही शिकाऊ कारागिराची अखेरची परीक्षा स्थानिक हस्तव्यवसाय मंडळं आणि कारागीर संघ घेतात. पण परीक्षक मंडळ कसं असावं हे 1953 च्या हस्तव्यवसाय कायद्याने बांधून दिलं आहे. किमान तीन सदस्य. मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान. व्यवसाय शाळेचा किमान एक शिक्षक. शिकाऊ उमेदवाराकडून फी घ्यायची नाही. नापास झाला तर त्याला दोनदा पुन्हा बसता येतं. अधल्यामधल्या टप्प्यावरही एक चाचणी असते, म्हणजे तीन वर्षांनी एकदम धक्का बसत नाही. कमी पडतंय ते वेळेत कळतं आणि उस्तादालाही कळतं. यातली प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या जुन्या गैरवापरावरचा उतारा आहे.

मला यातल्या मधल्या चाचणीचं महत्त्व फार वाटतं. फक्त अखेरची परीक्षा असली की काही उस्ताद हुशार मुलांनाच पाठवतात आणि बाकीच्यांना ‘अजून तयार नाहीस’ म्हणून दुकानात अडकवून ठेवतात. पास होण्याचं प्रमाण चांगलं दिसतं आणि मुलांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून मूल कामाला लागलं त्या दिवशी कम्यूनच्या वहीत त्याची नोंद व्हायला हवी. त्या नोंदीनुसार ठरलेली वर्षं पुरी झाली की परीक्षेला बसण्याचा हक्क मुलाचा, उस्तादाच्या परवानगीची गरज नाही. या नोंदीने आणखी एक काम होतं. मुलाचं वय लिहिलं जातं. काम शिकवतो म्हणत दहा वर्षांच्या पोराला राबवणाऱ्यांना प्रमाणपत्राच्या आडून मान्यता मिळता कामा नये.

आपल्याकडे कुठे जोडता येईल

आपला शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 माणसांच्या आस्थापनांना ऐच्छिक. उस्ताद आणि त्याच्या हाताखाली दोन पोरं, एवढ्याच दुकानाचा त्यात विचारच नाही. आपल्याकडची बहुतेक कारागिरी तर अशाच दुकानांत चालते. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, गवंडी अशा 18 व्यवसायांचा समावेश आहे. कौशल्याची पडताळणी, काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाखांचं कर्ज. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते, हे चांगलं आहे. पण योजना स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या कारागिरासाठी आहे. उस्तादाकडे शिकत असलेल्या मुलाचं शिक्षण केव्हा आणि कसं पुरं झालं, हा प्रश्न तिच्यात येत नाही. आणि ‘हा माणूस चांभारकाम करतो’ एवढं ग्रामपंचायत सांगू शकते; ‘हा चांगलं चांभारकाम करतो’ हे दुसरा चांभारच सांगू शकतो.

सुरुवात करायची तर मी कोल्हापुरी चपलेपासून करेन. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या अस्सल मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क, मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. म्हणजे अस्सल काम कशाला म्हणायचं याची व्याख्या कागदावर आधीच आहे आणि ती राज्याच्या सीमेवर थांबत नाही. कोल्हापुरातल्या उमेदवाराची परीक्षा घ्यायला बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे कारागीर यावेत आणि अथणीच्या उमेदवारांसाठी कोल्हापूरचे जावेत. ओळखीचा धोका तिथल्या तिथे कमी होईल आणि दोन्हीकडे कामाची जाण सारखीच आहे. परीक्षेत काय असावं तेही कारागीर एका बैठकीत सांगतील: चामड्याची पारख, रापीने तळ कापणं, कान आणि पट्टा बसवणं, वेणी, चामड्याच्या वादीची शिलाई, आणि जोडीतल्या दोन्ही चपला एकसारख्या उतरणं.

पास झालेल्याला प्रमाणपत्र मिळालं की त्याला लगेच काहीतरी हाती लागायला हवं, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणी परीक्षेला येणार नाही. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला मदत, आणि विश्वकर्मा योजनेच्या पडताळणीत हे प्रमाणपत्र धरणं, एवढं केलं तरी पुष्कळ. उस्तादालाही, त्याचा शागीर्द पास झाला की, शिकवल्याचं मानधन मिळावं. आज त्याच्या शिकवण्याची किंमत शागिर्दाच्या बिनपगारी कामातून वसूल होते आणि ती वसुली थांबवायची तर तेवढी रक्कम दुसरीकडून यायला हवी. पहिल्या वर्षी दोन गावं, तीस-चाळीस उमेदवार, प्रत्येकाला एका जोडाचं चामडं आणि परीक्षकांचा प्रवासभत्ता. हा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून भागण्यासारखा आहे, आणि उमेदवाराकडून एक रुपयाही घेऊ नये.